दोन आळ्या आणि एक देणे

माणूस गाव सोडतो तेव्हा त्या गावाचे त्याच्यावर काही देणे उरते काय? की शेजाऱ्यांचा निरोप घेऊन बोटीत किंवा विमानात पाऊल ठेवले म्हणजे हिशेब मिटला? हा प्रश्न आपल्या समाजातील प्रत्येक घराचा आहे. १९४८ च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास असलेला बेने इस्राएल समाज आज तेथे काही हजारांवर आला आहे. बाकीचे आपण लोदला आहोत, दिमोनाला आहोत, अश्दोदला आहोत, कोणी लंडनला, तर आमच्यासारखे कोणी हॉलंडात झूटरमेरला.

झूटरमेरमध्ये राहून या प्रश्नाचे उत्तर सापडणे कठीण. १९६२ साली हेग शहराची वाढती वस्ती सामावून घेण्यासाठी हे गाव वाढवायचे ठरले. तेव्हा येथे दहा हजारांच्या आसपास लोक होते, आज सव्वा लाखाच्या घरात आहेत. जुने चर्च आणि डोर्पस्त्राट नावाचा जुना रस्ता सोडला तर बहुतेक सगळे आमच्या वयाचे किंवा आमच्याहून लहान. येथे बहुतेक जण दुसरीकडून आलेले, म्हणून कोणी कोणाला मूळ गाव विचारीत नाही. राहायला सोयीचे, परंतु मागे वळून पाहण्याची सवय मोडणारे असे हे शहर आहे. म्हणूनच सुटीत अकराशेच्या वर किलोमीटर प्रवास करून फ्रान्सच्या दक्षिणेस कार्पांत्रास शहराचा जुना भाग पाहिला, तेव्हा तेथील दगडांनी हा प्रश्न आमच्यापुढे सरळ उभा केला.

कार्पांत्रास हे आव्हिन्यॉंपासून जवळच. हा सारा मुलूख १२७४ पासून १७९१ पर्यंत पोपच्या ताब्यात होता. फ्रान्सच्या राजांनी १३०६ मध्ये आणि पुन्हा १३९४ मध्ये यहुद्यांना हाकलले, शेजारच्या प्रोव्हान्स प्रांतातूनही १५०१ साली त्यांना निघावे लागले. पोपच्या राज्यात मात्र त्यांना राहू दिले, पण कसे? रात्री दरवाजे बंद होणाऱ्या एका रस्त्यात. पुरुषांनी डोक्यावर पिवळी टोपी घालायची. धर्मांतराचे प्रवचन सक्तीने ऐकायचे. वस्तीला आडवे पसरता येईना, म्हणून घरांवर मजले चढत गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या एवढ्याशा जागेत हजाराच्या आसपास माणसे राहत होती. शहराच्या मोठ्या चर्चला दक्षिणेकडून एक कोरीव दरवाजा आहे, त्याला आजही ‘यहुदी दरवाजा’ म्हणतात. धर्म सोडणाऱ्याला त्यातून आत नेत असत.

नगरपालिकेच्या इमारतीसमोरच तेथील प्रार्थनालय आहे. ते १३६७ सालचे, अठराव्या शतकात पुन्हा बांधलेले, आणि फ्रान्समध्ये आजही प्रार्थना चालणाऱ्यांत सर्वांत जुने. बाहेरून साधे घर वाटते. आत गेल्यावर तेबा वरच्या सज्ज्यावर आहे. खाली बेखमीर भाकरी भाजण्याच्या भट्ट्या आणि विधिस्नानाचे खोल कुंड आहे. एलियाहू हन्नाबीसाठी एक लहानशी खुर्ची भिंतीवर उंच बसवलेली आहे, तीवर कोणी बसत नाही. ती पाहताच आम्हांस अलिबागजवळच्या खंडाळ्याचा खडक आणि मलिद्याचे ताट आठवले. इतक्या दूरच्या लोकांनीही त्याच पाहुण्यासाठी जागा राखून ठेवली होती.

त्या कोंडलेल्या वस्तीला तेथील लोक ‘कार्येर’ म्हणत. त्यांच्या बोलीत या शब्दाचा अर्थ नुसता रस्ता, म्हणजे आपल्या भाषेत आळी. आणि अलिबागेत आपली इस्राएल आळी आहे. १८४८ साली बांधलेले ‘मागेन आबोथ’ त्याच आळीत आहे. दोन्हीकडे नाव एकच. पण त्यांच्या आळीला दरवाजा होता, आणि आपल्या आळीला तो कधीच नव्हता.

हा फरक लहान नाही. १७९१ मध्ये पोपचा मुलूख फ्रान्सला जोडला गेला आणि त्याच महिन्यात फ्रान्सच्या विधानसभेने यहुद्यांना नागरिकत्व दिले. आळी उघडली. लोक मार्सेय, नीम, एक्स अशा मोठ्या शहरांकडे निघून गेले, आणि पुढच्या शतकात ती जुनी घरेही पाडली गेली. त्यांना कोण दोष देईल? ज्या गावाने कोंडून ठेवले त्याचे देणे लागतो असे कोणी म्हटले नाही, तर ते समजण्यासारखे आहे.

आपले तसे नाही. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. त्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. कोकणात सगळे सुख होते असे आम्ही म्हणत नाही. गरिबी होती, जातीपातीचे अंतरही होते. पण शब्बाथ पाळतो म्हणून कोणी आपल्याला कोंडले नाही, टोपीचा रंग ठरवून दिला नाही. आपण निघालो ते पित्याच्या देशाच्या ओढीने किंवा पोटाच्या सोयीने, हाकलले म्हणून नव्हे. मिसर देशात आपण गुलाम होतो, तरीही त्या देशात उपरे म्हणून राहिलो याची आठवण ठेवून मिसरी माणसाचा तिरस्कार करू नये, अशी तोराची शिकवण आहे. छळणाऱ्या मिसरसाठी जर एवढे, तर न छळणाऱ्या कोकणासाठी किती?

आता याची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मध्यंतरी कोकणातील एका प्रार्थनालयाचे छप्पर गळते, मदत पाठवा, असे पत्र आमच्या घरी आले. आमचा भाचा म्हणाला, “मामा, जेथे शब्बाथला दहा पुरुष जमत नाहीत तेथे कौले बदलून काय मिळणार? तेच पैसे आपल्या गरजू मुलांच्या शिक्षणाला द्या. दगडांपेक्षा माणसे मोठी.” हा विचार उथळ नाही. जिवंत मुलाची फी आणि रिकाम्या इमारतीचे छप्पर यांत एकच निवडायचे असेल तर आम्हीही मुलालाच निवडू. परंतु बहुतेक घरांत निवड तशी नसते. आपण मुलाची फी आणि सुटीचा प्रवास, दोन्ही करतो. दुसऱ्यांच्या जुन्या आळ्या पाहण्यास पैसा आहे, मग स्वतःच्या आळीसाठी नाही, हे म्हणणे कठीण जाते.

शिवाय ते छप्पर कोणासाठी, हाही विचार व्हावा. कार्पांत्रासची वस्ती पांगली, तरी प्रार्थना चालू राहिली, आणि १९६० च्या दशकात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या यहुदी कुटुंबांनी तेथील समाजाला नवे बळ दिले. त्यांचे पूर्वज त्या आळीत कधी राहिले नव्हते. १९९० साली तेथील यहुदी दफनभूमीची विटंबना झाली तेव्हा पॅरिसमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि त्यात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष स्वतः चालले. म्हणजे वारसा रक्ताच्या वारसांनीच सांभाळला असे नाही. आमच्या मूळ गावीही किल्ली शेजारच्या मराठा कुटुंबाकडे आहे. त्या घरची काकू आजही सणावारी अंगण झाडून दिवा लावते. तिने आपल्या मशिदीची एवढी काळजी घ्यावी, आणि आपण पत्राचे उत्तरही देऊ नये, हे न्यायाचे होईल काय? छपराचे पैसे म्हणजे दगडांवरचा खर्च नव्हे. तिच्या कष्टाला दिलेला तो मान आहे.

आणखी एक गोष्ट. त्या आळीतील लोकांची स्वतःची एक प्रोव्हान्साल बोली होती. ती जाणणारे शेवटचे गृहस्थ म्हणून लेखक आर्मां लुनेल यांचे नाव घेतात. ते १९७७ साली वारले. दगड उरले, बोली गेली. आमच्या घरी नातवंडे डच बोलतात, इस्राएलमधील भाचरे हिब्रू बोलतात, आणि मराठी आजीच्या खोलीपुरती उरली आहे. छप्पर गावाकडून दुरुस्त होईल, भाषा मात्र आपल्याच घरात दुरुस्त करावी लागेल.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. प्रत्येक कुटुंबाने आपल्या आळीचे नाव, प्रार्थनालयाचे नाव आणि दफनभूमीत कोण कोण आहे हे मुलांना मराठीत लिहून द्यावे. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला वर्षातून एक पत्र आणि जमेल तेवढी रक्कम पाठवावी. भारतात गेलात तर मुंबईची खरेदी एक दिवस कमी करून अलिबागची बोट धरावी, आणि किल्ली सांभाळणाऱ्याच्या घरी चहा घेतल्याशिवाय परतू नये. आपल्या आळीला दरवाजा नव्हता, त्यामुळे परत जाण्याची वाटही मोकळीच आहे.