वाहत्या पाण्याचे मोल

पूर्व स्पेनमधील कास्तेयोन प्रांतात, डोंगरांच्या कुशीत, मोंतानेखोस नावाचे एक लहानसे गाव आहे. वस्ती काही शेकड्यांची. तेरुएलकडील गूदार पर्वतातून निघालेली मिखारेस नदी उंच कड्यांमधून वाट काढीत या गावाजवळून जाते, आणि तिच्या पात्रालगत ‘फुएन्ते दे लोस बान्योस’, म्हणजे स्नानाचा झरा, प्रकटतो. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांप्रमाणे तो कढत नव्हे. बारा महिने त्याचे पाणी सुमारे २५ अंशांवर स्थिर असते. तेराव्या शतकातील वालेन्सियाचा मुसलमान अधिपती अबू झैद याने आपल्या राण्यांसाठी येथे स्नानगृहे बांधविली, अशी आख्यायिका आहे. जुन्या स्नानगृहांचे अवशेष जवळच दिसतात.

उन्हाळ्यात या चिमुकल्या जागी माणसांचा पूर लोटू लागला, तेव्हा ग्रामसंस्थेने अलीकडच्या वर्षांत बाहेरून येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ केला. रक्कम थोडी, परंतु प्रश्न थोडा नव्हे. जे पाणी कोणी निर्माण केले नाही, त्याच्या काठी उभे राहून दाम मागण्याचा अधिकार कोणाला?

रोमन विधिशास्त्राने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेविले आहे. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या संहितेने हवा, समुद्र आणि वाहते पाणी ही निसर्गतःच सर्वांची मानली. स्पेनचा कायदा मात्र तेथवर सरळ पोहोचला नाही. १८७९ च्या कायद्यान्वये भूगर्भातील पाणी आपल्या जमिनीतून वर काढणाऱ्याचे ठरे. १९८५ च्या कायद्याने तेही सार्वजनिक केले. नैसर्गिक पात्रातून वाहणाऱ्या पाण्यात पिण्यासाठी, स्नानासाठी वा गुरांना पाजण्यासाठी कोणाचीही अनुज्ञा लागत नाही, असे आजही तेथील कायदा स्पष्ट सांगतो.

मग शुल्क अन्याय्य ठरते काय? वकिली बुद्धी लगेच भेद काढील, की मोल पाण्याचे नसून वाटेचे, स्वच्छतेचे, राखणीचे आहे. हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे. याच मिखारेसच्या खालच्या अंगाच्या चार नगरांमध्ये पाण्याची वाटणी १३४६ साली एका लवादी निवाड्याने ठरविण्यात आली, कारण शेतात गेलेले पाणी दुसऱ्याला उरत नाही. स्नानाने पाणी उणे होत नाही; उणी होते ती जागा आणि निर्मळता. तेव्हा राखणीचा भार जो आणतो त्याने तो उचलावा, हे म्हणणे मला मान्य आहे.

माझी शंका निराळी आहे. गर्दी आवरणे हा हेतू असेल, तर दाम हे त्याचे साधन योग्य नव्हे. कोण माघारी फिरतो, हे पाहावे लागते. आपल्याकडे महाडच्या चवदार तळ्याचा वाद १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात संपला, तेव्हा अस्पृश्य गणलेल्यांना मज्जाव करणारी रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. जन्मावरून अडविणे आणि खिशावरून अडविणे यांना मी एकाच तागडीत तोलीत नाही. पहिल्यात माणसाचा अवमान आहे, दुसऱ्यात बहुधा केवळ अविचार. परंतु देवळाच्या तळीवर वाढलेल्या आपणांस काठावरचा द्वारपाल परका नाही, आणि तोही ‘राखणीसाठीच’ उभा असल्याचे सांगत असे!

दिवसाकाठी अमुक इतक्याच माणसांना सोडावे, हा नियम मला अधिक न्याय्य वाटतो. जागा भरली म्हणून परतलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी पहाटे येऊ शकतो. पैशाअभावी परतलेल्याला तोही मार्ग नसतो. खर्चासाठी शुल्क हवेच असेल, तर ते मोटार उभी करण्याचे घ्यावे. मोटारीने व्यापलेली जमीन गावाची आहे. पायी चालत येऊन पाण्यात उतरणाऱ्याने गावाचे असे काय घेतले?