फोटोत न येणारे दुखणे

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरोघरी जाऊन आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्याचा आमच्या धर्मग्रामातील प्रघात जुना आहे. अशाच एका शुक्रवारी एका घरी आम्ही गेलो, तेव्हा पन्नाशी ओलांडलेली एक भगिनी भिंतीला टेकून उभी होती. तिला बसवत नव्हते. तीस वर्षे पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या शहरात नेऊन विकलेली ही बाई. सहा महिन्यांपासून तिची कंबर धरली होती. घरच्यांनी एक्स-रे काढला, पुढे उसनवारी करून एमआरआयही केला. दोहोंत वयोमानाच्या खुणांवाचून काही निघाले नाही. तेव्हापासून घरातला सूर बदलला. "रिपोर्ट नॉर्मल आहे, फादर," मुलगा आम्हांला म्हणाला आणि त्या वाक्यात आईविषयीची तक्रार होती. आम्हीही तिला मन अन्यत्र गुंतवण्याचा, दुःख प्रभूला अर्पण करण्याचा उपदेश केला. ती एवढेच म्हणाली, "माझं दुखणं फोटोत येत नाही, म्हणून ते खोटं का, फादर?"

त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

जिवंत माणसाच्या शरीरात डोकावायचे तर एके काळी शस्त्रावाचून मार्ग नव्हता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्वचेला धक्का न लावता हाडे दिसू लागली. १९७१ साली हौन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने प्रतिमा मिळवण्याची रीत लॉटरबर यांनी १९७३ साली मांडली. तीच पुढे एमआरआय झाली आणि २००३ साली त्यांना व मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही यंत्रे मानवजातीवरील उपकारच होत. मोडलेला मणका, गाठ, जंतुसंसर्ग, आपल्या देशात आजही आढळणारा मणक्याचा क्षय, हे सारे वेळेवर ओळखले गेल्याने कितीतरी माणसे पांगळी होण्यापासून वाचली आहेत.

परंतु यंत्र रचना दाखवते. वेदना दाखवत नाही. १९९४ साली अमेरिकेत पाठीची कोणतीही तक्रार नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय तपासण्यात आले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या मणक्यांमधील एखादी तरी गादी फुगलेली होती. सर्वच गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के होते. २०१५ साली तीन हजारांहून अधिक वेदनामुक्त लोकांवरील अभ्यासांचे संकलन प्रसिद्ध झाले. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकावेत तशी ही झीज वयाबरोबर येते. सर्वांनाच दुखवते असे नाही.

म्हणजे तर्काच्या दोन चुका आपण नित्य करत असतो. पहिली चूक अशी की, कारण सापडले नाही म्हणून कारणच नाही असे मानणे. या चुकीने त्या भगिनीला खोटे ठरवले. दुसरी चूक तिच्या उलट आहे. जे सापडले तेच कारण असे मानणे. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने अहवालात गादी फुगल्याचे वाचले आणि वाकणे, उचलणे, मुलाला कडेवर घेणे, सारे सोडून दिले. दुखण्यापेक्षा त्या कागदानेच त्याला अधिक जखडून ठेवले.

मग शस्त्र किंवा सुई न वापरता दुखण्याचे मूळ शोधायचे कसे? त्याची साधने जुनी आहेत: प्रश्न, नजर आणि हात. रुग्णाला उताणे निजवून गुडघा न वाकवता पाय उचलला असता गुडघ्याखालपर्यंत कळ गेली, तर मज्जातंतूचे मूळ दाबले जात असल्याचा संशय येतो. फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा त्यांच्या एका शिष्याने १८८१ साली आपल्या प्रबंधात वर्णिली. १९५६ साली न्यूझीलंडमधील फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांचा एक रुग्ण चुकून उशाकडची बाजू वर केलेल्या पलंगावर पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातली कळ नाहीशी झाली. ठरावीक हालचालींनी पायातली वेदना माघार घेत कमरेच्या मध्याकडे सरकते का, हे पाहण्याची पद्धत त्यातून विकसित झाली. तशी ती सरकली तर गादीकडे बोट दाखवता येते. कणा कमरेच्या हाडांना जिथे मिळतो त्या सांध्यावर वेगवेगळ्या पाच तऱ्हांनी दाब देतात. त्यांतील तीन वा अधिक वेळा रुग्णाचे नेहमीचेच दुखणे जागे झाले, तर तो सांधा दोषी असण्याची शक्यता वाढते.

यांतील कोणतीही परीक्षा अंतिम निवाडा देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि सुमारे ९० टक्के कंबरदुखीचे नेमके एक मूळ दाखवता येत नाही. विज्ञानाची ही नम्रता आपणही अंगी बाणवावी अशी आहे.

त्या भगिनीला पुढे परिचयातील एका वृद्ध डॉक्टरांकडे नेण्यात आले. त्यांनी फोटो बाजूला ठेवून तिला बोलू दिले. पाटी कोणत्या हाताने उचलतेस, गाडीत कशी उभी राहतेस, रात्री कोणत्या कुशीवर निजतेस, असे विचारले. मग म्हणाले, "एका बोटाने जागा दाखव." तिने कमरेखालच्या उजव्या खळग्यावर बोट ठेवले. त्यांनी पाचही तऱ्हांनी तपासले, चार वेळा ती कळवळून म्हणाली, "हेच, हेच ते!" असा सांधा दुखत असूनही छायाचित्रात सहसा काही उमटत नाही. व्यायाम आणि ओझ्याची नवी वाटणी यांनी तिचे दुखणे संपले नाही, परंतु सोसण्याजोगे झाले. त्या दिवशी घरी परतताना ती मुलाला एवढेच म्हणाली, "डॉक्टरांना माझं दुखणं सापडलं." मुलाने काही न बोलता तिच्या हातातली पिशवी घेतली.

अमेरिकन विदुषी एलेन स्कॅरी यांनी १९८५ साली वेदनेवरील आपल्या ग्रंथात एक मर्म सांगितले आहे. ज्याला वेदना होते त्याच्या दृष्टीने तिच्याइतके निश्चित दुसरे काही नसते; जो तिच्याविषयी नुसते ऐकतो त्याच्या मनात मात्र संशय येऊ शकतो. ही दरी कोणतेही यंत्र बुजवू शकत नाही. तिच्यावर पूल बांधायचा तर तो विश्वासाचाच असावा लागतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना, रुग्ण आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर राखावा असे आवर्जून नमूद केले.

संत लूकच्या तेराव्या अध्यायातील स्त्री अठरा वर्षे वाकलेली होती. तिने काही मागितल्याचा उल्लेख नाही. प्रभूने तिला पाहिले आणि जवळ बोलावले. सभास्थानाच्या अधिकाऱ्याला मात्र तिच्या पाठीपेक्षा शब्बाथाचा नियम मोठा वाटला. प्रभूने तिला अब्राहामाची कन्या म्हटले. अठरा वर्षे जिची केवळ पाठ दिसत होती तिला तिचा मान परत दिला. संत थोमाला जखमेत बोट घालून खात्री करून घ्यायची होती. दुःखिताच्या दारी जाऊन आपणही असेच पुरावे मागत असतो.

कोणी म्हणेल, सोंग करणारेही असतातच. असतात. परंतु सोंगावर विश्वास ठेवल्याने आपण थोडेसे फसतो. खऱ्या दुखण्यावर अविश्वास दाखवल्याने एक माणूस एकाकी होतो. या दोन चुका समान वजनाच्या नाहीत. तसेच विश्वास ठेवणे म्हणजे प्रत्येक तपासणीचा हट्ट पुरवणे नव्हे. ताप, घटते वजन, पूर्वीचा कर्करोग, पायातली शक्ती जाणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, यांपैकी काही दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तिथे यंत्रच हवे. इतर वेळी ऐकून घेणारा माणूस आधी हवा.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. संस्कार देण्यापूर्वी आमच्या त्या उपदेशाबद्दल तिची क्षमा मागितली. ती संकोचली. मग आम्ही तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: "कुठे दुखतं, बाई?"