मूळ प्रत पाहिली

बायको शिक्षिका असली की घरातले लाल पेन कधी संपत नाही आणि नवऱ्याच्या नावावर एक शेरा कायमचा पडून राहतो. माझ्या नावावरचा शेरा ‘समजते, पण करत नाही’ असा आहे. लग्नाला १८ वर्षे झाली. शेऱ्यात सुधारणा नाही. त्यामुळे एप्रिलमधल्या एका रात्री मी बडीशेपेचा डबा शोधत असताना सौ.ने जेव्हा विचारले, “अहो, पोरांचे शेरे यंत्राकडून लिहून घेतले तर ती लबाडी होते का हो?” तेव्हा मी चपापलोच. १८ वर्षांत तिने माझे मत दोनदाच विचारले होते. एकदा पडद्यांच्या रंगाबद्दल, आणि दुसऱ्यांदा ते पडदे लावून झाल्यावर.

ही यंत्राची भानगड आमच्या घरात शिरली कशी, ते आधी सांगायला हवे.

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे सौ.चा वर्ग आमच्या स्वयंपाकघरात भरू लागला. ओट्यावर डाळीचा डबा, डब्याला टेकवलेला फोन, आणि फोनमध्ये पोस्टाच्या तिकिटांएवढी पोरे. निम्मीशिम्मी दिसत, बाकीच्यांच्या घरी फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. ‘बाई, आवाज येत नाही’ हे वाक्य त्या वर्षी मी इतक्यांदा ऐकले की अजूनही कुकरची शिट्टी झाली की पाठोपाठ ते ऐकू येते. पुढे शाळा उघडल्या, डाळीचा डबा फडताळात परत गेला, पण सौ.ला लागलेला नाद काही गेला नाही.

सरकारच्या ‘दीक्षा’वरचे धडे झाले, पुस्तकातले क्यूआर कोड झाले. हे कोड वापरून दाखवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले. त्यांना २०२० साली दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना देऊन टाकले. ही बातमी वाचताना सौ.च्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की पाच लाखांना नवाने पूर्ण भाग जात नाही. नोकरी माणसाचे काय करते बघा.

मग ‘जिओजेब्रा’ आले. हे फुकटचे साधन आहे. त्यात त्रिकोणाचा कोपरा बोटाने धरून कुठेही ओढत न्यावा, तिन्ही कोनांची बेरीज १८०च राहते. मला त्यात नवल वाटले नाही. आमचा घरखर्च असाच आहे, कुठलाही कोपरा ओढा, बेरीज तीच. पण सौ.च्या वर्गातल्या पोरांनी म्हणे सबंध तास तो त्रिकोण ताणला, कुठेतरी १८१ होतील या आशेने. आम्ही जे मुकाट्याने पाठ केले, ते या पोरांनी आधी हरवून पाहिले आणि मग मान्य केले. माझा यंत्रांवरचा निम्मा राग त्या दिवशी गेला.

उरलेला निम्मा मात्र शाबूत राहावा, अशी सोयही यंत्रे करतात. एकदा तिने पालकसभेची सूचना एका भाषांतर-यंत्रातून इंग्रजीत करून घेतली. त्यात सगळ्या ‘स्पिनॅच’ने वेळेवर उपस्थित राहावे, अशी कळकळीची विनंती निघाली. वेळेत दिसले म्हणून बरे. आणि गेल्या वाढदिवसाला तिने मला फोनवर चार सुरेख ओळी पाठवल्या. मी दिवसभर हवेत होतो. रात्री पुन्हा वाचताना ‘संयमी आणि समजूतदार जोडीदार’ हे शब्द नीट दिसले आणि हा मजकूर मला ओळखणाऱ्या कुणी लिहिलेला नाही, हे ध्यानात आले.

असो. मुद्दा शेऱ्यांचा.

आमच्या वेळी प्रगतिपुस्तकात शेरा म्हणजे एक शब्द. ‘बरी’, ‘साधारण’, फार तर ‘खोडकर’. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि वर्णनात्मक नोंदी सुरू झाल्या. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, असे प्रत्येक मुलाबद्दल लिहायचे. कल्पना फार चांगली. ज्याने ती काढली त्याने वर्गात अठ्ठेचाळीस मुले बसतात हे पाहिले नसावे, एवढेच. लवकरच तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांमध्ये फिरू लागल्या. ‘शांत व समंजस आहे’, ‘सर्वांशी मिळून मिसळून वागतो’, ‘वर्गकार्यात सहभाग वाढवावा’. हव्या त्या उचलाव्यात आणि हव्या त्या पोराला चिकटवाव्यात. आता नवे यंत्र यादीही मागत नाही. हजेरी क्रमांक आणि गुण दिले की दोन मिनिटांत अठ्ठेचाळीस नोंदी, शुद्ध मराठीत, प्रत्येक वेगळी.

“मग लबाडी कसली?” मी म्हणालो. “महाभारत सांगितलं व्यासांनी, लिहिलं गणपतीनं. कुणी काही म्हटलं का?”

“सांगितलं तर व्यासांनीच ना? इथे सांगणारा तोच, लिहिणाराही तोच. मी नुसती सही करणार. आणि व्यासांची अट विसरलात वाटतं. समजल्याशिवाय लिहायचं नाही, असं त्यांनी गणपतीला बजावलं होतं. ह्याला काय समजलंय माझं पोर?”

शिक्षिकेशी वाद घालताना पुराणातले दाखले देऊ नयेत. तिने ते शिकवलेले असतात.

मी गप्प बसलो त्याला आणखी एक कारण होते. आमच्या शाखेत निरोप समारंभाचे भाषण माझ्याकडे असते. आजवर अकरा जणांना मी निरोप दिला, आणि अकराही जण मनमिळाऊ, शिस्तप्रिय व हसतमुख होते. त्यातले एक गृहस्थ तीस वर्षांत हसलेले कुणी पाहिले नव्हते. माझे ‘हसतमुख’ ऐकून मात्र ते हसले. तेवढ्यापुरते भाषण खरे झाले म्हणायचे. एकदा तर नाव बदलायचे राहून गेले आणि आधीच्या सत्कारमूर्तीला मी दुसऱ्यांदा निवृत्त केले. तेव्हा दुसऱ्याच्या तयार शब्दांवर नाक मुरडायला मला तोंड नव्हते.

शिवाय माझ्या प्रगतिपुस्तकाचे एक प्रकरण आहे. ते मी अजून सौ.लाही सांगितलेले नाही.

चौथीत बाईंनी माझ्या पुस्तकात लिहिले होते, ‘अक्षर सुधारावे. गोष्टी छान सांगतो.’ अक्षर सुधारले नाही; म्हणून तर बँकेत गेलो. पण दुसरे वाक्य मी जपून ठेवले. बी.कॉम.ला कॉस्टिंगमध्ये गटांगळ्या खाताना, बदलीच्या गावी एकट्याने खानावळीत जेवताना, ते वाक्य मला पुरले. ही जी चार पाने मी अधूनमधून खरडतो, ती त्याच वाक्यावर काढलेली उचल आहे. आणि दोन वर्षांपूर्वी शाळासोबत्यांच्या गटात एकाने आपल्या चौथीच्या प्रगतिपुस्तकाचा फोटो टाकला. तेच वळणदार अक्षर, तीच निळी शाई, ‘गोष्टी छान सांगतो.’ हा मित्र इतका अबोल की बोलण्यावर जकात असावी. तासाभरात आणखी तिघांनी फोटो टाकले. तिघेही गोष्टी छान सांगत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या चेकवर मी पस्तीस-छत्तीस वर्षे संसार केला, तो बाईंनी अख्ख्या बाकाला वाटला होता!

पण मी वाणिज्य शाखेचा माणूस. पहाटे मला १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आठवला. चेक सद्भावनेने आणि मोबदला देऊन घेतला असेल, तर आधीच्या मालकीतल्या दोषाची बाधा घेणाऱ्याला होत नाही. सही खोटी असेल तर मात्र हे संरक्षण नाही. बाईंची सही खरी होती. सद्भावना माझ्यापाशी भरपूर होती. मोबदला म्हणून पुढे सारा जन्म मी खरेच गोष्टी सांगत बसलो. तेव्हा चेक माझा. पण कायदा तेवढ्यावर थांबत नाही. घेणारा सुटला म्हणून सही करणारा सुटत नाही. त्याची जबाबदारी कागद हातोहात फिरला तरी त्याच्याबरोबर फिरते. बाईंच्या वाक्याने माझे भले झाले, हे खरे. बाईंनी माझ्याकडे पाहिले होते की नाही, हा प्रश्न त्याने मिटत नाही. तो मला विचारता येत नाही, कारण बाई आता नाहीत.

हे सगळे सौ.ला सांगण्याऐवजी मी म्हणालो, “आमच्याकडे झेरॉक्सवर शिक्का मारतात. ‘मूळ प्रत पाहिली.’ मजकूर कुणी टाइप केला, कुठल्या मशीनवर काढला, ते कुणी विचारत नाही. मूळ पाहिलं का, एवढंच.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने यंत्राने दिलेली यादी उघडली आणि एकेक क्रमांक वाचून डोळे मिटून पोर आठवू लागली. एक ते छत्तीस ठीक गेले. दोनचार शेरे तिने बदललेही. सदतिसाव्याला थांबली.

“शांत व समंजस आहे. वर्गकार्यात सहभाग वाढवावा,” तिने वाचले. “अहो, हा मला आठवतच नाही. दिवाळीनंतर आलाय. चेहरा येतो समोर, पण पोर येत नाही.”

थोड्या वेळाने तिला एवढे आठवले की जानेवारीत तिने वर्गात ‘गूगल अर्थ’ लावले होते. दाखवायचे होते लोणारचे सरोवर, उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात पडलेला जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. पोरांनी तो दोन मिनिटे पाहिला आणि मग ‘बाई, आता आमचं घर दाखवा’ असा गलका झाला. सगळा वर्ग पडद्यापाशी लोटला. सदतीस नंबर जागेवरून उठला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. “तू का रे नाही आलास तेव्हा घर बघायला?”

“आमचं घर नाही त्याच्यात, बाई.”

“असं कसं?”

“फोटो जुना आहे. आमचे बाबा वॉचमन आहेत ना, ती बिल्डिंग त्यात उगवलीच नाहीये. तिथं बाभळ आहे. ती बाबांच्या समोर तोडली.” मग जरा थांबून म्हणाला, “शाळेची पत्रापण जुनीच दिसते. आता निळी आहे.”

सौ.ने खरोखर बाहेर जाऊन पाहिले. निळी होती.

त्या रात्री तिने यंत्राची नोंद खोडून लाल नव्हे, निळ्या पेनने लिहिले : ‘निरीक्षण अचूक. नकाशा जुना आहे हे सबंध शाळेत प्रथम याच्या लक्षात आले.’ हे वाक्य कुठल्या रकान्यात बसवायचे यावर मुख्याध्यापकांशी तिची थोडी बोलाचाली झाली म्हणतात. उरलेल्या अकरांचे काय केले, हे मी विचारले नाही. नोंदी भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि त्या रात्री आमच्याकडचा दिवा एक वाजेपर्यंत जळत होता.

मी सकाळी बँकेत गेलो. पहिल्याच गृहस्थाने ओळखपत्राची झेरॉक्स पुढे सरकवली. मी सवयीने शिक्का उचलला, शाईत बुडवला, आणि हात अधांतरी राहिला.

“मूळ प्रत?”

“घरी राहिली. उद्या आणतो की. मारा शिक्का, तुम्ही तर ओळखता मला.”

“आणल्यावर मारू,” मी म्हणालो. मागच्या रांगेतून कुणीतरी माझ्या नियमनिष्ठेबद्दल मोकळेपणाने मत दिले.

गृहस्थ आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात. आता जिन्यात भेटले तरी बोलत नाहीत, आणि त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांचे पाणी नेमके माझ्या स्कूटरवर पडते.