सुंभ आणि पीळ

उंदराचं डावं फुफ्फुस हायड्रोक्लोरिक ॲसिडात टाकायचं, नळीचं तोंड घट्ट बंद करायचं आणि 110 अंशांवर रात्रभर ठेवायचं. सकाळी त्या काळपट पाण्यात फुफ्फुसाचा मागमूसही उरत नाही. मग क्लोरामाइन-टी, त्यानंतर अर्लिशचं द्रावण, थोडी ऊब, की हळूहळू गुलाबी-लाल रंग चढतो. रंग जितका गडद, तितकं हायड्रॉक्सिप्रोलिन हे कोलॅजनमधलं अमिनो आम्ल जास्त. म्हणजेच कोलॅजन जास्त. फुफ्फुसाच्या फायब्रोसिसवर काम करताना ही मोजणी मी इतक्यांदा केली, की तो रंग म्हणजेच आजार असं मनात घट्ट बसलं होतं.

कोलॅजन मुळात वैरी नव्हे. कांगारूच्या शेपटीतल्या स्नायूबंधावर क्ष-किरण टाकून मद्रासमध्ये गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954 साली त्याची रचना मांडली : तीन पेडांची वेणी. प्रत्येक पेडात दर तिसरा मणी ग्लायसिनचा, कारण आतल्या चिंचोळ्या जागेत याहून मोठं काही मावत नाही. फुफ्फुस ताणलं जाताना त्याला मर्यादा घालते ती हीच वेणी.

फायब्रोसिसमध्ये जखम भरण्याचं काम थांबतच नाही. पेशी कोलॅजन विणत राहतात, वायुकोशांच्या भिंती जाड होतात, प्राणवायू रक्तात शिरायला अडखळतो. पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला, तर श्वास घेताना वेल्क्रो उचकटल्यासारखा आवाज येतो. 2014 साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पिरफेनिडोन आणि निंटेडानिब ही औषधं फुफ्फुसाची घसरण मंद करतात; झालेला व्रण पुसत नाहीत.

मला कोड्यात टाकलं ते उंदरांनी. फुफ्फुसाला इजा करणाऱ्या ब्लिओमायसिन या औषधाच्या एका मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या फुफ्फुसात व्रण दिसतो, पण तरुण उंदरांत तो पुढे बराचसा ओसरतो. कोलॅजन तेच, रंगही तोच. मग माणसाचा व्रण का ओसरत नाही? याचं पूर्ण उत्तर अजून हाती नाही. पण एक धागा दिसतो. लायसिल ऑक्सिडेज हे विकर तंतूंना एकमेकांशी आडवं जखडतं. जखडलेलं कोलॅजन सहजी मोडत नाही, फुफ्फुस ताठर होतं, आणि ताठर जमिनीवर बसलेल्या पेशी आणखी कोलॅजन विणतात.

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. माझ्या नळीत मात्र नेमकं उलटं घडत होतं. ॲसिड आधी पीळ सोडवत होतं आणि मी उरलेला काथ्या मोजत बसलो होतो. मोजणी खोटी नव्हती. फक्त जे मोजायचं ते मोजण्याआधीच विरघळून जात होतं.

आता मी एक तुकडा ॲसिडापासून बाजूला ठेवतो, त्याचा ताठरपणा पाहण्यासाठी. त्याला कुठलाच रंग चढत नाही. त्याचे आकडे गुलाबी नळीइतके गुळगुळीत येत नाहीत, त्यांवरून वादही होतात. पण त्या तुकड्यात फुफ्फुस अजून फुफ्फुस असतं.