पेटीत काय आहे, हे कोणी सांगायचे?



आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्यापैकी कित्येकांनी जहाज फक्त चित्रात पाहिले आहे. तरीही या रविवारी बंदरावर माल तपासणाऱ्या माणसांविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांप्रमाणेच आपली शिकलेली मुलेही आता कामासाठी पुणे, पनवेल, उरणपर्यंत जातात. दुसरे असे की, येथे भरलेली रुईची गाठ, बियाण्याचे पोते किंवा औषधाचा ड्रम शेवटी कोणीतरी उघडतो. भरणारा एकीकडे असतो आणि उघडणारा शेकडो मैलांवर. त्या दोघांचे एकमेकांशी काही नाते आहे काय? असल्यास ते कोणते? हाच आजचा प्रश्न आहे.

न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे माल येतो तो मुख्यतः लोखंडी कंटेनरमध्ये. घरातील खोलीएवढी ही पेटी कुलूप व मोहोर लावून बंद केलेली असते. सोबत कागद असतो आणि आत काय आहे ते त्यावर लिहिलेले असते. सगळ्या पेट्या उघडत नाहीत. काही मात्र उघडून पाहाव्याच लागतात. त्या वेळी सीमाशुल्क खात्याचा अधिकारी, कीड तपासणारा अधिकारी, सर्वेक्षक आणि दार उघडणारे हमाल पेटीसमोर उभे राहतात. कागद खरा असेल तर त्यांचे काम साधे आहे. कागद खोटा असेल तर आत काय आहे हे त्यांना दार उघडल्यावरच कळते, आणि कधी कधी तोवर वेळ निघून गेलेली असते.

त्यांना कोणते धोके असतात? प्रवासात सरकलेला माल दाराला टेकून उभा असतो. दार उघडताच तो अंगावर येतो. लाकूड किंवा भंगार लोखंड बंद जागेत आतील प्राणवायू शोषून घेते; आत पाऊल टाकणारा माणूस एकदोन श्वासांत कोसळू शकतो. आणखी एक धोका आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून आपण ज्वारी-गव्हात जी विषारी गोळी ठेवतो, तिला ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. हाच वायू कंटेनरमधील मालालाही दिला जातो. अशा पेटीवर कवटीचे चिन्ह, औषधाचे नाव आणि तारीख असलेली सूचना लावावी, असा नियम आहे. ती सूचना लावलीच नाही किंवा वाटेत फाटली, तर उघडणारा माणूस अजाणतेपणी विषात पाऊल ठेवतो.

आपल्याकडील वडीलधाऱ्यांना हे नवे वाटणार नाही, कारण त्यांनी पेव पाहिलेले आहे. जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात ज्वारी भरायची आणि तोंड बंद करायचे. महिन्यांनंतर पेव उघडले की कोणी लगेच आत उतरत नसे. आधी वारा लागू द्यायचा, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर आत प्राणवायू नाही हे समजायचे आणि वर थांबायचे. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि वर दोन माणसे उभी ठेवायची. हे सारे कोणी पुस्तकात वाचून शिकले नव्हते. पेव भरणारा आणि त्यात उतरणारा एकाच घरातले किंवा एकाच गल्लीतले होते. चुलत्याने भरले, पुतण्या उतरला. चुलत्याला पुतण्याची काळजी वेगळी शिकवावी लागत नसे.

कंटेनर हे लोखंडाचे पेवच आहे. फरक इतकाच की भरणारा आणि उघडणारा यांची कधी भेट होत नाही. ज्याचे तोंड आपल्याला माहीत नाही त्याच्या जिवाची काळजी आपोआप वाटत नाही. म्हणून जी काळजी नात्याने वाहिली जात होती, ती आता कागदाने वाहावी लागते. कागदावरचे एक ओळीचे वर्णन म्हणजे पेवाच्या तोंडाशी उभा राहून ओरडणारा चुलता आहे. तो खोटे बोलला तर?

खोटे का बोलले जाते, हेही समजून घेऊ. घातक माल म्हणून जाहीर केले की भाडे वाढते, वेगळी जागा लागते, परवाने लागतात, वेळ जातो. साधा माल म्हणून लिहिले की हे सगळे वाचते. वाचलेले पैसे एकाच्या खिशात जातात आणि धोका दुसऱ्याच्या छातीत जातो.

याचे मोल मुंबईने एकदा फार मोठे मोजले आहे. १९४४ च्या फेब्रुवारीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज इंग्लंडहून निघाले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. वाटेत कराचीला त्यात रुईच्या हजारो गाठी, वंगणतेलाचे पिंप, लाकूड, गंधक असा माल भरला गेला. कप्तान नेस्मिथ यांना हे पटले नव्हते, पण युद्धाचे दिवस होते आणि जहाजांत जागा कमी होती. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. घातक माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल झेंडा त्यावर नव्हता. १४ एप्रिलला दुपारी रुईला आग लागल्याचे लक्षात आले. आपल्याकडे जिनिंगमध्ये काम केलेल्यांना ठाऊक आहे की रुईची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. स्फोटके त्याच खणात होती. शेकडो टन पाणी ओतूनही आग विझली नाही. चार वाजून काही मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्या हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. अधिकृत आकड्याप्रमाणे एकूण मृत सातशेच्या वर होते. खरा आकडा त्याहून मोठा असावा असे अनेकांचे मत आहे. म्हणूनच १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या भागात १४ एप्रिल ही भीमजयंती आहे. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. एकाच तारखेला आपण मजुराच्या मानाचीही आठवण करतो आणि मजुराच्या जिवाचीही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता या घटनेतील एक बारकावा पाहा. आग विझवायला गेलेल्यांपैकी काही अधिकाऱ्यांना जहाजात काय आहे हे कळले होते. तरी ते मागे हटले नाहीत. त्यांच्या मरणाला आपण बलिदान म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु शेजारच्या धक्क्यावर गोणी उचलणारा हमाल, पलीकडच्या जहाजावरील खलाशी, रस्त्याने जाणारा माणूस यांना लाल झेंड्याने काहीच सांगितले नव्हते. त्यांनी धोका पत्करला असे आपल्याला म्हणता येत नाही. जो धोका माहीतच नाही तो पत्करता येत नाही; तो लादला जातो.

“त्या कामाचा त्यांना पगार मिळतो, धोका तर असणारच,” असे आपण सहज म्हणतो. या वाक्यात अर्धेच सत्य आहे. विहीर खोदणारा, विजेच्या खांबावर चढणारा, आग विझवणारा हे सारे धोका स्वीकारतात. पण स्वीकार म्हणजे संमती, आणि संमतीला ज्ञान लागते. ज्याच्यापासून आपण सत्य लपवले त्याच्या वतीने आपणच निर्णय घेतलेला असतो. पगार हा कामाचा मोबदला आहे. लपवलेल्या विषाची किंमत त्यात कधीच धरलेली नसते.

“मला माहीत नव्हते,” असे उत्तर मग पुढे येते. तत्त्वज्ञांनी या उत्तराचा फार पूर्वी विचार केला आहे. अॅरिस्टॉटलने म्हटले आहे की, ज्या अज्ञानाला माणूस स्वतःच कारण आहे ते त्याला निर्दोष ठरवत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यापुढे जाऊन, मुद्दाम जपलेले अज्ञान वेगळे ओळखले: कळले तर थांबावे लागेल, म्हणून न विचारणे. असे अज्ञान दोष कमी करत नाही. व्यापारी विचारत नाही, दलाल विचारत नाही, गुमास्ता सांगितले ते लिहितो. साखळीतील प्रत्येक जण थोडे थोडे अज्ञान जपतो आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला ते सगळे एकत्र येते.

जुन्या करारात या विषयावर दोन साधे नियम आहेत. निर्गमच्या २१व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल मारका आहे हे मालकाला आधी सांगितलेले असेल आणि तरीही त्याने तो बांधला नसेल, तर झालेल्या मृत्यूचा दोष मालकावर येतो. येथे जबाबदारी सुरू होते ती माहिती मिळाल्या क्षणापासून. अनुवादच्या २२व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा असे सांगितले आहे. आपल्या माळवदाच्या घरांत उन्हाळ्याच्या रात्री वर झोपणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. घरच्या माणसाला कडा कोठे संपते ते अंधारातही माहीत असते. कठडा लागतो तो पाहुण्याला. म्हणजे आपल्या घरी उद्या कोण येईल हे माहीत नसतानाही त्याच्या जिवासाठी आज वीट रचायची, अशी ही आज्ञा आहे. कंटेनरवरची खरी सूचना म्हणजे असाच कठडा होय.

मारक्या बैलाचा नियम मोडला की काय होते, याची अलीकडची उदाहरणे आहेत. १४ जुलै २०१० रोजी पहाटे मुंबईच्या शिवडी भागात, हाजी बंदर येथील घातक मालाच्या जागेत क्लोरीन वायू गळला. कोणी सोडवून न नेलेले सिलिंडर तेथे कित्येक वर्षे गंजत पडले होते. शंभराहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली. लेबनॉनमधील बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट २०१४ पासून गोदामात पडून होते. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याबद्दल पत्रे लिहिली होती. ४ ऑगस्ट २०२० रोजी तेथे आग लागली. अग्निशमन दलाच्या दहा जणांची तुकडी धावली. गोदामात काय आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते. ती सर्व दहा माणसे गेली आणि शहरात दोनशेहून अधिक लोक मृत्यू पावले. बैल मारका आहे हे कागदावर आले होते, पण तो कोणी बांधला नाही.

कायदे नाहीत असे नाही. १९८६ साली आपल्या देशात गोदी कामगारांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढे २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत तो सामावला गेला. २०२२ साली आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने सुरक्षित व आरोग्यदायी काम हे कामगारांच्या मूलभूत हक्कांत समाविष्ट केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८१ च्या आपल्या परिपत्रकात, कामगाराच्या शरीराला अपाय होणार नाही अशा कामाच्या जागेला त्याचा हक्क म्हटले होते. पण गंजलेले कुलूप कायदा स्वतः उघडत नाही. ते एक माणूस उघडतो, आणि मागे साहेब “लवकर करा, गाडी थांबली आहे,” असे म्हणत असतो. हमालाने त्या क्षणी “आधी हवा तपासा” म्हटले तर उद्या त्याला काम मिळेल का? हा प्रश्न खरा आहे. ज्याच्या घरी आजच्या मजुरीवर चूल पेटते त्याला धैर्याचा उपदेश करणे सोपे असते. म्हणून ‘थांबा’ म्हणण्याचा भार सर्वांत खालच्या माणसावर टाकणे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. ज्याला थांबण्याची किंमत सर्वांत कमी पडते, त्याने आधी थांबले पाहिजे: मालकाने, अधिकाऱ्याने, सही करणाऱ्याने.

वरिष्ठाच्या सांगण्यावरून खोटे वर्णन लिहिणाऱ्या गुमास्त्याचे काय? त्याचा दोष हुकूम देणाऱ्याएवढा नाही, कारण नोकरीची भीती माणसाला दाबते आणि नफाही त्याला मिळत नाही. परंतु तो शून्यही नाही. त्याच्या पेनाशिवाय ते खोटे पुढे सरकले नसते. त्याने निदान एकदा विचारावे, “साहेब, हे असे लिहायचे का?” पुष्कळदा तेवढ्या प्रश्नानेही माणूस अडखळतो.

धर्मग्रामस्थांनो, हा विचार आपल्या अंगणापर्यंत आणू. फवारणीचे औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. आपल्यानंतर ती बाटली कोण उचलेल ते आपल्याला माहीत नसते. धान्यात गोळी ठेवली असेल तर पोत्यावर लिहा आणि घरातल्या सर्वांना सांगा. अशा खोलीत कोणी झोपू नये. दुकानात, जिनिंगमध्ये, गोदामात काम करणाऱ्यांनी माल जसा आहे तसाच लिहावा. ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी बंद टाकीत, विहिरीत किंवा गोदामात कोणाला एकट्याने उतरवू नये. ज्यांची मुले बंदरावर किंवा गोदामात कामाला आहेत त्यांनी फोनवर पगाराबरोबर हेही विचारावे: दार उघडण्याआधी हवा तपासतात का? एक फळी आधी उघडून बाजूला उभे राहतोस ना? सोबत कोणी असते का?

येत्या रविवारच्या मिस्सामध्ये भाविकांच्या प्रार्थनेत, दुसऱ्यांनी बंद केलेली दारे उघडून पोट भरणाऱ्या सर्व कामगारांसाठी आपण प्रार्थना करू. आपल्या हातून लिहिली जाणारी प्रत्येक ओळ, ती वाचणाऱ्या अनोळखी माणसासाठी खरी असावी, एवढी कृपा परमेश्वर आपणा सर्वांना देवो.