पुण्यकार्याचा हिशेब

धर्मकार्याचा हिशेब मागू नये, अशी एक समजूत आपल्यात खोल रुजली आहे. पाणपोई घालताना कोणी दोन पैसे खाल्ले तरी लोक म्हणतात, जाऊ द्या, तहानलेल्याला पाणी तर मिळाले ना! हीच सवलत आता सरकारच्या प्रचंड धरणांनाही मिळाली आहे. कोरड्या शेताला पाणी देण्यासारखे पुण्य कोणते? मग खर्च विचारणाराच पापी ठरतो. सज्जनहो, या सवलतीची किंमत कोण भरतो ते पाहायचे तर आमच्या आलापल्लीकडे या.

आमच्या पश्चिमेला प्राणहिता वाहते. वर्धा आणि वैनगंगा मिळून ती झाली. वर वैनगंगेवर गोसीखुर्द आहे. 1983 साली त्याला मंजुरी मिळाली तेव्हा खर्च धरला होता 372 कोटी. 1988 त पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढे आकडा अठरा हजार कोटींच्याही वर गेला, आणि मंजुरीला चाळीस वर्षे झाली तरी कालव्यांची कामे चालूच होती. आता ही सगळी वाढ चोरीची, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाव वाढतात, जमिनीचा मोबदला वाढतो. पण काम लांबले की खर्च वाढतो, आणि खर्च वाढण्यात ज्याचा लाभ आहे त्याला काम लांबण्याचे दुःख कशाला व्हावे? 2012 त जलसंपदा खात्यातलेच मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी फुगवलेल्या अंदाजपत्रकांविषयी सरकारला पत्र लिहिले. श्वेतपत्रिका निघाली, चितळे समिती बसली, पुढे लाचलुचपत खात्याने गुन्हेही नोंदवले. न्यायालयात काय ठरायचे ते ठरो. ज्याचे शेत या चाळीस वर्षांत कोरडे राहिले, त्याला ती वर्षे कोण परत देणार?

आता नदीच्या खाली चला. आलापल्लीहून दक्षिणेला सिरोंचा. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि संगमाखाली तेलंगणा सरकारचा मेडीगड्डा बंधारा आहे, कालेश्वरम योजनेचा. 2016 त दोन्ही राज्यांचा करार झाला, 2019 च्या जूनमध्ये उद्घाटन झाले. 21 ऑक्टोबर 2023 रोजी त्याचे खांब खचले आणि साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले. महालेखापरीक्षकांच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे सुमारे 82 हजार कोटींची योजना 1 लाख 47 हजार कोटींवर जाणार, आणि घातलेल्या रुपयामागे लाभ अवघा 52 पैशांचा! घरातला कारभारी असा व्यवहार करील तर बायको त्याला चुलीजवळ बसू देणार नाही. इथे रक्कम कर्जाऊ काढलेली, म्हणजे ज्यांचा अजून जन्म व्हायचा आहे त्यांनाही जामीन ठेवले.

आलापल्लीच्या लाकूड आगारात सागाच्या प्रत्येक ओंडक्याचे माप घेतात, नंबर घालतात, शिक्का मारतात. एक ओंडका कमी भरला तर रखवालदाराची झोप उडते. ओंडक्याला जो नियम, तो हजार कोटींना का नसावा? मला वाटते, कारण असे की ओंडका डोळ्यांना दिसतो. शंभर रुपयांची अफरातफर माणसाला समजते, तिचा रागही येतो. हजार कोटी म्हटले की मन बधिर होते. लाच खाणाऱ्याला आपण दोष देतो तो योग्यच. पण आकडा ऐकून आपण जे हात जोडतो, त्या हात जोडण्यावर त्याचे पोट भरते. भक्ती आणि बावळेपणा यांत गल्लत होते ती इथेच.

कोणी म्हणेल, असे प्रश्न विचारत बसलो तर धरणेच होणार नाहीत. होतील की! नाशिकजवळ गंगापूर झाले, पैठणला जायकवाडी झाले, त्यांनी शेते भिजवली. प्रश्न धरण हवे की नको हा नाहीच. कंत्राट देताना गावकऱ्यांसमोर अंदाजपत्रक वाचून दाखवण्याने कोणते धरण फुटते?

सिरोंच्याच्या शेतकऱ्यांचे पाहा. पाणी नेणार तेलंगणा, आणि बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली कापूस, मिरचीची शेते गेली इकडे. 2022 त मोठा पूर आला, त्यानंतर ते साखळी उपोषणाला बसले. त्यांचे मागणे एवढेच होते की आमची जमीन मोजा आणि तिचे पैसे द्या. लाख कोटींचे आकडे सहज मंजूर करणाऱ्या कारभाराला या एवढ्याशा मोजणीसाठी वर्षानुवर्षे सवड होत नव्हती.