नियमांनाही फेरफार हवा

संगणकाने दिलेला शेतीसल्ला चुकला की ‘माहिती अपुरी पडली’ असे उत्तर मिळते आणि ते निमूटपणे मान्यही होते, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. कारण या उत्तरात सल्ल्यामागचा नियम तपासण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला, २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘महाअॅग्री-एआय’ धोरण मंजूर केले, आणि शेजारच्या दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्यातही आता अशा सल्ल्यांची अपेक्षा वाढली आहे. त्यांच्या उपयुक्ततेबद्दल वाद नाही. प्रश्न भरवशाचा आहे.

जाणकारांचे ज्ञान ‘अमुक असेल तर तमुक करावे’ अशा नियमांत साठवून त्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या व्यवस्थेला ज्ञानाधारित प्रणाली म्हणतात. तिच्या गुणवत्तेचा विचार करताना सुसंगती आणि सत्यता यांची गल्लत होऊ देता कामा नये. दोन नियम परस्परांना छेद देत नाहीत ना, एखादी स्थिती नियमाविना राहिली नाही ना, हे यंत्र स्वतः तपासू शकते. हस्तलिखित सातबारा संगणकावर आल्यानंतर खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नसल्यास तसा अहवाल निघू लागला, ती हीच तपासणी होय. परंतु बेरीज तंतोतंत जुळली तरी नोंदलेला माणूस खरा हक्कदार आहे की नाही, हे कोणताही अहवाल सांगू शकत नाही.

सत्यतेलाही हद्द असते. आडसाली ऊस, भारी काळी जमीन, मुळांच्या थरातील ओलावा ठरावीक पातळीच्या खाली, म्हणून पाणी द्यावे, हा नियम कृषिशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु दौंड तालुक्यात खडकवासल्याच्या कालव्यावर ज्याचे शेत आहे त्याला पाणी आवर्तनाने, म्हणजे ठरलेल्या पाळीने मिळते, आणि दोन आवर्तनांच्या मधल्या दिवशी ‘आज पाणी द्या’ हा सल्ला त्याच्या कामाचा नसतो. पाचटाचे आच्छादन करून असलेली ओल कशी टिकवावी, हे त्याला त्या दिवशी कळायला हवे असते. भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात, रात्री बाष्पीभवन कमी होते म्हणून तेव्हाच पाणी द्यावे असे सुचवणारा नियमही शास्त्राला धरूनच असेल, पण तेथे उसात बिबट्याचा वावर आहे आणि शेतकरी दिवसा वीज मागत आहेत. दोन्ही ठिकाणी ओलाव्याचे मोजमाप अचूक आहे. पाणी आणि वीज कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न नियम लिहिताना विचारलाच गेलेला नाही.

नियम माणसाने लिहूच नयेत, पुरेशी उदाहरणे दिली की यंत्र ते स्वतः शोधते, असे म्हणणारा एक प्रबळ पक्ष आहे. त्याच्या बाजूने जुना आणि वजनदार पुरावाही आहे: १९८० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मिखाल्स्की आणि चिलॉस्की यांनी सोयाबीनच्या रोगनिदानासाठी दोन प्रकारचे नियम ताडून पाहिले, तेव्हा उदाहरणांवरून यंत्राने काढलेले नियम सुमारे ९७ टक्के प्रसंगी बरोबर ठरले, तर तज्ज्ञाने सांगितलेले सुमारे ७२ टक्केच. हा निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र रोपाची कोणकोणती लक्षणे टिपायची ती यादी माणसानेच ठरवली होती. ज्या यादीत आवर्तनाचा रकानाच नाही, तिच्यातून लाखो उदाहरणे घेतली तरी आवर्तन यंत्राला सापडणार नाही; या पक्षाने त्याचे समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

मग १९३२ पासून उसावर संशोधन करणाऱ्या पाडेगाव केंद्रासारख्या ठिकाणच्या जाणकारांकडून अधिक काळजीपूर्वक नियम लिहून घ्यावेत, हा उपाय सरळ वाटतो. परंतु विचाराअंती तोही पुरा पडत नाही. उसाची जात बदलते, हुमणीचा उपद्रव कमीअधिक होतो, कालव्याच्या पाण्याचे वाटप बदलते, आणि काल अचूक असलेला नियम कोणाच्याही चुकीशिवाय शिळा होतो. तेव्हा नियम लिहिताना घेतलेल्या काळजीइतकाच भरवसा नंतरच्या दुरुस्तीच्या वाटेवरही अवलंबून असतो, हे मान्य करावे लागते.

ही वाट महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात पूर्वीपासून आहे. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० नुसार तलाठी फेरफार नोंदवतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, आणि मग नोंद प्रमाणित होते. कलम १५७ नुसार अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. या व्यवस्थेत विलंब आहे आणि तंटेही आहेत, तरीही खोडून काढता येण्याजोगे गृहीतक म्हणून नोंदीकडे पाहण्याची ही दृष्टी संगणकीय नियमांनाही लागू पडते.

अडचण वेळेची आहे, कारण हुमणी नोटिशीची मुदत संपण्याची वाट पाहणार नाही. म्हणून तातडीचा सल्ला थांबवता येणार नाही. परंतु सातबाऱ्यावर जसा शेवटच्या फेरफाराचा क्रमांक, दिनांक आणि प्रलंबित फेरफार छापलेला असतो, तसा प्रत्येक सल्ल्याखाली त्यामागचा नियम शेवटचा केव्हा बदलला आणि त्यावर कोणती हरकत प्रलंबित आहे, हे शेतकऱ्याला दिसले पाहिजे, आणि तेथेच त्याला स्वतःची हरकत नोंदवता आली पाहिजे. हरकतींचा निर्णय प्रणाली बनवणाऱ्याकडे ठेवणे योग्य नाही. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्था हे काम करू शकतील, मात्र ओलाव्याच्या आकड्याबरोबरच चारीवरच्या शेतकऱ्याचे म्हणणेही पुरावा म्हणून नोंदवण्याची तयारी त्यांना आधी दाखवावी लागेल.